बेसबॉल स्टेडियममध्ये फुटबॉलचा प्रदर्शनीय सामना भरवता येतो का? जागा पुरते का?

हो, पुरते, पण जेमतेम. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये फुटबॉलचं मैदान ११० बाय ७० यार्डांचं आखतात; म्हणजे रुंदी ६४ मीटर, आंतरराष्ट्रीय सामन्याला नियमाने लागते ती किमान. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्येही २०१२ साली लिव्हरपूल आणि रोमा खेळले. खरी मेहनत जमिनीची. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, उभा राहतो तो दहा इंच उंच मातीचा उंचवटा सपाट करायचा आणि इनफील्डच्या, म्हणजे बेसबॉल मैदानाच्या आतल्या भागाच्या, उघड्या मातीवर हिरवळीचे पट्टे अंथरायचे. मात्र त्या हिरवळीने मूळ धरलेलं नसतं. दोन पट्ट्यांच्या सांध्यात बूट अडकला की घोटा मुरगळतो, म्हणून सामन्याआधी सांधे पायाने दाबून तपासायलाच हवेत.