गोल्फमध्ये ॲड्रेसला (फटक्याआधी चेंडूपाशी उभं राहताना) हात आणि क्लब एका रेषेत कसे आणायचे?

आणूच नका. तुम्ही लिहिलंय की मागून (लक्ष्याच्या विरुद्ध बाजूने) काढलेल्या व्हिडिओत हात आणि शाफ्टमध्ये, म्हणजे क्लबच्या दांड्यामध्ये, कोन दिसतो. दिसणारच! हात खांद्यातून सैल सरळ खाली सुटतात आणि क्लब आपल्या लायप्रमाणे (डोकं जमिनीवर सपाट टेकल्यावर दांड्याचा जो कोन होतो त्याप्रमाणे) तिरका असतो, सात नंबरच्या आयर्नला (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) जमिनीशी साधारण 62-63 अंश. ती 'रेषा' समोरून बघायची असते, तीही ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब): डावा हात आणि शाफ्ट जवळपास एका ओळीत. आयर्नला हात लक्ष्याकडे किंचित पुढे, बस.

इतक्या तावातावाने लिहितोय कारण आमच्या रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एक ज्येष्ठ काका आहेत. ज्याच्या त्याच्या मागे उभं राहून 'मनगटं वर घे, मो नॉर्मन बघ' म्हणणार. कॅनडाचा गोल्फपटू मो नॉर्मन, त्याचे हात आणि क्लब खरंच एका रेषेत असत. पण तो क्लब तळव्यात धरायचा, पाय चांगले फाकवायचा, चेंडूपासून लांब उभा राहायचा. ब्रायसन डिशॅम्बो, 2020 आणि 2024 चा यूएस ओपन विजेता, हात असेच उंच ठेवतो. पण त्याने जाड ग्रिप, एकाच लांबीची आयर्न आणि त्यांची लायसुद्धा उभी करून घेतली. काकांनी यातलं फक्त मनगट उचललं. एकदा ते ॲड्रेस घेऊन उभे असताना मी खाली बसलो आणि स्कोअरकार्ड त्यांच्या क्लबच्या टाचेखाली (डोक्याची दांड्याकडची बाजू) सरकवलं. अर्धं आत गेलं, टो, म्हणजे डोक्याचं दुसरं टोक, मॅटमध्ये रुतलेला. काका म्हणाले, मॅट वाकडी आहे. दुसऱ्या मॅटवर तेच झालं, तर म्हणाले कार्ड फार पातळ आहे. (टो किंचित वर असला तर चालतो, स्विंगमध्ये शाफ्ट खाली वाकतोच. टाच वर नको.)

तुमचा घोळ बहुधा वेगळाच आहे. उजवा हात ग्रिपवर खाली असतो. तिथे पोचायला तो नुसता ताणलात की कोपरापुढचा भाग डाव्याच्या वर येतो, खांदे डावीकडे उघडतात आणि मग स्लाइसचं (उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्याचं) खापर ड्रायव्हरवर फुटतं. कंबरेतून थोडं उजवीकडे झुका, उजवं कोपर सैल सोडून उजव्या नितंबाकडे वळवा. मागून व्हिडिओ काढा: डाव्या हाताची कड उजव्याच्या वर जराशी दिसली पाहिजे. दुसऱ्या कुणाला दोन्ही हातांवर, कोपर आणि मनगटाच्या मधे, एक क्लब आडवा ठेवायला सांगा. तो लक्ष्यरेषेला समांतर हवा. आणि डावा हात लांब ठेवा, पण दांड्यासारखा ताठ नको. ताठरपणा थेट खांद्यात चढतो.

डावखुरे असाल तर सगळं उलट वाचा. उंची फार जास्त किंवा फार कमी असेल तर आधी क्लबची लाय तपासून घ्या, नाहीतर उगाच शरीर वाकवत बसाल. आणि यापुढे कुणी 'मनगटं वर' म्हणालं, तर आधी त्याच्याच क्लबची टाच जमिनीला टेकते का ते बघा.