तुळशीच्या कुंडीतल्या गोळ्या

"मॅडम, आता तर तो चांगला आहे. मग जन्मभर गोळ्या कशाला?"

सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाचं भान सुटण्याच्या, पहिल्या झटक्यातून सावरलेल्या मुलांच्या घरचे हे हमखास विचारतात. या काकूंनी रुमालात पुरावाच बांधून आणला होता: तुळशीच्या कुंडीत सापडलेल्या, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा चोवीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी फोनमधून कुणीतरी आपलं ऐकतंय अशी त्याची खात्री होती. आता मामाच्या वर्कशॉपमध्ये जात होता. काकू रागावल्या होत्या, पण मनातून त्यांनाही त्याचंच पटत होतं.

मी त्यांना दोन अभ्यास सांगितले. हाँगकाँगमध्ये किमान वर्षभर औषध घेऊन बरे असलेल्या १७८ जणांपैकी निम्म्यांचं औषध एक वर्ष चालू ठेवलं, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली. दहा वर्षांनी औषध लवकर थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांची अवस्था वाईट होती, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांची. नेदरलँड्समधला अभ्यास मात्र वेगळंच सांगतो. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी केलेल्या गटात सुरुवातीला आजार जास्त जणांचा उलटला. पण सात वर्षांनी कामधंद्यासकट नीट सावरलेले ४० टक्के निघाले, नेहमीच्या डोसवरच्या गटात जेमतेम १८. अर्थात, औषध पूर्ण सुटलेले त्यातही थोडेच.

"म्हणजे कमी होतात?"

"होऊ शकतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, कुंडीने नाही."

त्या हसल्या. खरं तर अर्धा तास मी त्यांच्याशीच बोलत बसले, ही माझी चूक. बाहेर बसलेल्या मुलाला आत बोलावलं तेव्हा तो एका दमात म्हणाला, "अकरा किलो वाढलोय. सकाळी मशीनवर डुलक्या येतात. आईला सांगितलं की ती म्हणते, झोप येणं चांगलंच."

हे त्याने गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं! चिठ्ठी देऊन पाठवलं. डॉक्टरांनी साखर तपासली, गोळी रात्रीवर नेली, डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरवलं.

पुढच्या भेटीत आम्ही तिघांनी धोक्याच्या खुणा कागदावर लिहिल्या. त्याच्या अक्षरात: 'दोन रात्री झोप नाही. मोबाईल कपाटात लपवला.' आणि खाली, खुणेत न बसणारी तिसरी ओळ: 'गोळी घेतलीस का, हे आईने आठवड्यातून एकदाच विचारावं.'

काकूंनी कागद वाचला. "दोनदा," म्हणाल्या.