क्लास काढा, पण आधी पहिल्या चाळीस दिवसांचं बघा

तुमचा प्रश्न असा: दहा-बारा मित्रांनी मिळून वर्षाला दीडेक लाख जमतील, कोल्हापुरात एका वस्तीत रविवारी मोफत कॉम्प्युटर आणि स्पोकन इंग्लिशचा क्लास काढायचा आहे. पण याआधी ज्यांनी काढले त्यांची पोरं महिन्याभरात गळाली, तर पोरं टिकवायची कशी?

मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला तीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं आणि निवृत्तीनंतरही अशाच एका वस्तीत लुडबुड चालू आहे. आमचाही पहिला क्लास कॉम्प्युटरचाच होता. एमएससीआयटीची फी भरली, बावीस पोरं-पोरी पास झाली, पेढे वाटले, फोटो काढले. वर्षाने हिशोब घातला तर दोघांचा कीबोर्डशी संबंध उरला होता, त्यातला एक झेरॉक्सच्या दुकानात. बाकीची होती तिथंच: सेंट्रिंगवर, मार्केट यार्डात हमालीला, धुण्याभांड्याला. सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत. म्हणजे आमची पोरं क्लासात मस्त टिकली होती, तरी काही झालं नाही. म्हणून टिकवायचं कसं हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो.

एका पोराचं सांगतो. दहावी नापास, पण हाताला कसब. ओळखीनं एका शॉपमध्ये हेल्पर म्हणून लावून दिला. अठराव्या दिवशी गायब. आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, या पोरांना कष्टच नकोत. घरी गेलो तर आई म्हणाली, "काम ब्येस हाय की सायेब, पर शनवारी हातात काय?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोरगा तीन तारखेला लागला होता. कारखान्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहाला. म्हणजे पहिला पैसा बघायला सदतीस-अडतीस दिवस. सेंट्रिंगवर गेला तर संध्याकाळी किंवा शनिवारी रोख. घरात फायनान्सचा हप्ता आठवड्याला, किराणा रोजचा, रिक्षाचं भाडं रोजचं. महिन्याच्या पगारावर उडी मारायला मधे चाळीस दिवसांचं अंतर आहे, आणि ते पार करायला त्या घरात काही साठलेलं नसतं. त्यात सेफ्टी शूज, डबा, बसभाडं हे आधीच खिशातून. तुम्ही-आम्ही नोकरीला लागलो तेव्हा हे अंतर वडिलांनी भरून काढलं होतं, म्हणून ते आपल्याला आठवतही नाही.

मग आम्ही उचल द्यायला लागलो. कामाला लागल्यावर सहा आठवडे, दर शनिवारी दीड हजार रुपये, घरच्या बाईच्या हातात. एकूण नऊ हजार. दुसऱ्या पगारापासून थोडे थोडे करून परत. दान म्हणून द्यायचे नाहीत, घेणाऱ्यालाही ते बरं वाटत नाही. बुडतात का? बुडतात की. दहातल्या दोघांचे बुडतात असं धरून चाला. पण तुमच्या दीड लाखात पंधरा जणांची उचल बसते (एक लाख पस्तीस हजार), आणि फिरून आलेल्या पैशात पुढचे. क्लासला वर्षाला एवढा खर्च करून काय हाताला लागलं, ते वर सांगितलंच.

आता क्लासकडे येतो. क्लास हवाच, पण तो कामाला लागलेल्यांसाठी हवा. मशीन शॉपमध्ये पायऱ्या आहेत: हेल्पर, ऑपरेटर, सेटर (मशीन लावून माप जुळवून देणारा), मग प्रोग्रॅमर किंवा इन्स्पेक्शन. हेल्परचा ऑपरेटर बघून बघून होतो. जॉब (म्हणजे घडवायचा भाग) लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा. खरी भिंत ऑपरेटर आणि सेटर यांच्यात आहे. पगारातला मोठा फरक तिथंच पडतो, आणि वस्तीतली बहुतेक पोरं या भिंतीशी दहा दहा वर्षं अडतात. कारण काय, तर ड्रॉइंग वाचता येत नाही आणि दशांश चिन्हाची भीती.

उदाहरण बघा. ड्रॉइंगवर भोकाला २५ एच ७ लिहिलेलं असतं. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत पाहिजे. आपलं नेहमीचं व्हर्नियर ०.०२ पर्यंतच वाचतं, तेव्हा ते इथं चालत नाही, भोकाचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज लागतो. टूल झिजत गेला की भोक लहान यायला लागतं. बाहेरचा व्यास मारताना उलटं, माप वाढत जातं. मग ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) कुठल्या बाजूला आणि किती द्यायचा, हे ज्याला सुचतं तो सेटर. यात न जमण्यासारखं काही नाही. पाचवी-सहावीचं गणित आहे, फक्त ते शाळेत केळी-आंब्यांवर शिकवलं आणि तेव्हा पोटात भूक होती.

पूर्वी उद्यमनगरात चार बुकं शिकलेल्या मिस्त्रींनी ऑइल इंजिनं बनवली. नजरेनं, कानानं, उस्तादाच्या शिव्या खात. तो रस्ता आता अरुंद झालाय. गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतं आणि जॉबबरोबर मापांचा रिपोर्ट मागतं. कागद वाचता येत नाही त्याला कितीही कसब असो, कोणी मशीन सेट करू देत नाही.

म्हणून आमचा क्लास म्हणजे एक निवृत्त सेटर, चार जुनी व्हर्नियरं, दोन मायक्रोमीटर आणि रिजेक्ट झालेली कास्टिंगं (ओतीव भाग). शॉपवाले कास्टिंगं फुकट देतात, आपण नेऊन परत आणून दिली म्हणजे झालं. जॉब हातात घेऊन मापायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, पास की रिजेक्ट ते सांगायचं. इंग्रजी त्यातूनच येतं. चॅम्फर, डेप्थ, टॉलरन्स, थ्रू होल हे शब्द ज्याला कळतात त्याला 'माय नेम इज' नंतर शिकवा. आणि रविवारी सकाळी अजिबात ठेवू नका. पाणी, धुणं आणि उरलेली झोप त्याच वेळेला असते. आमचा संध्याकाळी सहाला असतो, आणि सेकंड शिफ्टवाल्यांचा आठवडा बदलतो म्हणून तोच धडा दोनदा घ्यावा लागतो.

बायकांसाठी शिलाईचा वर्ग काढाल, सगळेच काढतात. फॉल-पिको करणारी प्रत्येक गल्लीत आहे, तिला दर मिळत नाही. ब्लाउजचं कटिंग स्वतः करणारीला मिळतो, कारण बिघडलं तर कापडाची जबाबदारी तिची असते. ती जबाबदारी घ्यायची छाती यावी म्हणून शिकताना जुन्या साड्यांवर मनसोक्त चुका करू द्या. वेळ दुपारी दोन ते चार. एका पोरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी दुपारी येतो, नाहीतर येत नाही." (आमच्याकडं बायकाही 'मी येतो' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

सुभाषनगर-जवाहरनगर भागात चप्पल करणारी घरं आहेत, तिथं तर कौशल्य शिकवायला जाऊच नका, हसतील. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घरात बसून चपलेची चामड्याची वेणी घालणाऱ्या बाईचा दर त्यानं आपोआप वाढत नाही. तिच्याबरोबर बसून एका जोडाला चामडं किती, धागा किती, तास किती हे वहीत मांडा. आम्ही एका घरी मांडलं तेव्हा कळलं, एका डिझाइनवर ते लोक चक्क स्वतःच्या खिशातून घालत होते. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत चर्मकार आहेत. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्क्यांनी एक लाखापर्यंत कर्ज. पण एका कुटुंबातून एकालाच, तेव्हा नाव कोणाचं घालायचं ते घरात आधी ठरू द्या. नाहीतर भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो, बघितलंय मी.

कर्ज मिळालं की काम झालं असं मात्र समजू नका. आपल्याच गावातलं आहे बघा: गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढायला मदत केली. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. भांडवलाबरोबर गिऱ्हाईकही दिलं. तुमच्या बारा मित्रांत कोणाचं दुकान, कोणाचं शॉप, कोणाची सोसायटी असेल. तिथं पहिली ऑर्डर, पहिली ओळख कोण देणार, ते नावानिशी लिहून काढा. पैशापेक्षा हे अवघड जातं, सगळे मान खाली घालतात.

बाकी दोन-तीन गोष्टी पटकन. दहावी नापासालाही आयटीआयमध्ये वेल्डरसारख्या काही ट्रेडला प्रवेश मिळतो, हे वस्तीत निम्म्यांना माहीत नसतं. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला कायद्यानं अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा हेल्पर म्हणून चिकटवण्याआधी अप्रेंटिसशिपचं विचारा. आणि शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत नाव एकच आहे का ते कामाला लावण्याआधी बघा. आमच्या एका पोराचा पीएफ 'संतोश' आणि 'संतोष' यांच्यात सात महिने अडकला होता.

सुरुवात चार-पाच जणांपासून करा. त्याआधी एक काम: तुमच्या वस्तीतून पहाटे निघून सातच्या शिफ्टला शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात पोचवणारी केएमटी आहे का, ते स्वतः एकदा त्या बसने जाऊन बघा. नसेल तर उचलीच्या आधी जुन्या सायकली जमवाव्या लागतील. आमच्याकडं दोन पडून आहेत, एकीची चेन तेवढी बदलायला झालीय. कळवा.