काडतूस शिळं कधी होतं?

जून सरत आला, पावसाची पहिली झड येऊन गेली आणि सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलला. उन्हाळ्यात लायसन्सच्या नूतनीकरणाबद्दल विचारणारे वाचक आता ठेवलेल्या गोळ्यांबद्दल विचारू लागले आहेत. ग्वाल्हेरच्या बाजूला बंदुकीला तेलपाणी नेमानं होतं, दसऱ्याला झेंडूची माळही पडते. काडतुसांच्या डब्याकडे मात्र वर्षानुवर्षं कोणी ढुंकून बघत नाही. सैन्यात असताना दारूगोळ्याच्या तपासणीचं काम केलं असल्यामुळे मला त्या डब्याचीच काळजी जास्त. यावेळी आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत.

प्रश्न : .३२ रिव्हॉल्वरच्या पंचवीस गोळ्या २०११ साली घेतल्या, त्यातल्या वीस शिल्लक आहेत. गच्चीवरच्या खोलीत लोखंडी कपाटात असतात. खोक्यावर एक्स्पायरी डेट दिसत नाही. अजून किती वर्षं चालतील? (एक वाचक, शिंद्याची छावणी)

उत्तर : तुमच्या पत्रातली महत्त्वाची माहिती म्हणजे ती गच्चीवरची खोली. २०११ हे साल त्यामानानं दुय्यम आहे.

आजच्या काडतुसात जी धूररहित पावडर असते ती मुळात नायट्रोसेल्युलोज. कारखान्यातून निघाल्या दिवसापासून तिचं अगदी सावकाश विघटन चालू असतं. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, त्यांचं आम्ल बनतं आणि ते आम्ल उरलेल्या पावडरीला आणखी लवकर खातं. हे चक्र अडवण्यासाठी पावडर बनवतानाच तिच्यात डायफिनिलअमाईनसारखं स्थिरक मिसळतात. सुटणारे ऑक्साइड ते शोषून घेतं आणि तसं करताना स्वतः खर्च होत जातं. ते शिल्लक आहे तोवर पावडर ठीक, संपलं की घसरण सुरू. तापमान १० अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो, कधी त्याहूनही जास्त. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पारा ४५ च्या पुढे जातो, मग तापलेल्या स्लॅबखालच्या बंद कपाटात काय होत असेल? तळमजल्यावरच्या काळोख्या खोलीत तीस वर्षं राहिलेली गोळी तुमच्या गोळ्यांपेक्षा तरुण असू शकते.

या स्थिरकाची किंमत फ्रान्सच्या नौदलानं फार महागात शिकली. पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये पहिली उपयोगी धूररहित पावडर बनवली, पण सुरुवातीला तिच्यात पुरेसं चांगलं स्थिरक नव्हतं. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ ही युद्धनौका कोठारातल्या खराब झालेल्या पावडरीमुळे उडाली आणि दोन्ही मिळून शेकडो माणसं गेली. घाबरू नका, तिथे टनांनी साठा होता. वीस गोळ्यांचं खोकं आपणहून पेट घेत नाही. बिघडलेली गोळी एक तर उडत नाही, नाहीतर कमीजास्त जोरानं उडते, आणि धोका तोच.

आता करायचं ते सांगतो. गोळ्या खालच्या मजल्यावर आणा. बाहेरच्या भिंतीला न लागलेलं, उन्हाकडे पाठ असलेलं कपाट बघा. मूळ खोकं टाकू नका, लॉट नंबर त्यावरच असतो. खोक्यासकट गोळ्या रबरी गॅस्केटच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि दर पावसाळ्याआधी पुडी बदला. थंड जागा म्हणजे फ्रीज नव्हे. फ्रीजमधून काढलेला डबा दमट हवेत उघडला की पितळेवर दव धरतं. गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा तर सर्वांत वाईट, उन्हातल्या बंद गाडीत पारा साठीच्या पुढे जातो.

चांगल्या जागी ठेवलेली काडतुसं कित्येक दशकं टिकतात. दुसऱ्या महायुद्धातली आजही उडतात. तरी माझं मत असं की स्वसंरक्षणासाठी भरायच्या गोळ्या पाचेक वर्षांनी बदलाव्यात आणि जुन्या रेंजवर सरावात संपवाव्यात. तुमच्या वीस गोळ्या सरावालाच ठेवा, त्यांच्या भरवशावर रात्री झोपू नका.

प्रश्न : वडिलांची बाराबोर आता माझ्या नावावर झाली आहे. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यातच असायची, आता पितळेवर हिरवा थर आहे. पॉलिशनं घासून चकचकीत करू का? (एक वाचक, कंपू)

उत्तर : करू नका. चामडं कमावताना वापरलेली टॅनिनची आम्लं पितळेशी झटतात आणि पावसाळ्याची ओल त्यांना मदत करते. पट्टा शिकारीच्या फोटोपुरता ठीक, साठवणुकीसाठी नव्हे. काडतुसं बाहेर काढा आणि एकेक उजेडात धरून बघा. हिरवट पावडर कोरड्या फडक्यानं पुसली गेली आणि खाली पितळ गुळगुळीत असेल तर काडतूस ठीक. नखाला खड्डा लागला, बुडाच्या टोपीभोवती (म्हणजे घोड्याच्या मारानं पेटणाऱ्या कॅपभोवती) हिरवं साचलं असेल, कडेला केसासारखी चीर दिसली किंवा प्लॅस्टिकचं तोंड उकललं असेल, तर ते बाजूला काढा. नळीच्या तोंडाशी जे अडून बसतं ते जोर लावून आत ढकलायचं नाही.

पॉलिशला माझा विरोध अमोनियासाठी आहे. धातू चकाकवणाऱ्या पुष्कळ पॉलिशांत तो असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि ताणाखाली ओढून घडवलेलं पितळ एकत्र आलं आणि केसेस, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, आपोआप तडकू लागल्या. त्याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्या कपाटात घोडा नसतो, पण खालच्या कप्प्यात फरशीचा किंवा काचेचा अमोनियावाला क्लीनर असतोच. तोही हलवा. आणि बंदुकीचं तेल काडतुसांना लावू नका, ते टोपीच्या कडेनं आत झिरपलं तर गोळी मिस होते.

प्रश्न : दौलतगंजचा वाडा रिकामा करताना माळ्यावर आजोबांच्या वेळची कागदी काडतुसं सापडली. लायसन्स आजोबांचं होतं, ते जाऊन वीस वर्षं झाली. आता काय करावं? (एक वाचिका)

उत्तर : आधी हात काढा, मग फोन करा. आर्म्स अॅक्ट १९५९ प्रमाणे गोळी बाळगायलाही परवाना लागतो, बंदूक नसली तरी. माळ्यावर काय आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं तोवरची गोष्ट वेगळी. मध्य प्रदेशातल्याच एका खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं जाणिवेनं ठेवलेल्या ताब्याचा मुद्दा स्पष्ट केला आहे. पण आता तुम्हाला माहीत झालं. जवळच्या ठाण्यात कळवा, किती आणि कुठे ते लेखी द्या, पोच घ्या. पिशवीत घालून स्वतः स्कूटरवर नेऊ नका.

कागदी म्हणून ती मेली असतील असंही समजू नका. जुन्या काडतुसांत काळी दारू असू शकते. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनीही पेट घेतं. नायट्रोसेल्युलोजसारखं ते आतून कुजत नाही. ओल लागली तरच बिघडतं. कागद फुगला म्हणून काडतूस नळीत जात नाही, एवढंच. फोडून बघायचा मोह आवरा, मुलांना लांब ठेवा. वाड्यात बंदूकही निघाली, तर तिचं वारसाहक्कानं काय होऊ शकतं हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये त्याची तरतूद आहे.

प्रश्न : रेंजवर घोडा दाबला, नुसता ‘टक’ झाला. मित्र म्हणाला, लगेच काढून टाक. बरोबर? (एक वाचक, मुरार)

उत्तर : मित्राला पुढच्या वेळी घरी ठेवा. टोपी पेटली पण पावडर उशिरा पेटणार असेल, तर गोळी उशिरा सुटते. नळी लक्ष्याकडेच धरा आणि निदान अर्धं मिनिट थांबा. मी पूर्ण मिनिट थांबायला सांगतो, त्यात काही बिघडत नाही. मग उघडा, काडतूस बाजूला ठेवा, परत भरू नका.

याहून घातक प्रकार म्हणजे ‘पुस्स’. आवाज बारीक, धक्का जवळजवळ नाही. अशा वेळी गोळीची बुलेट, म्हणजे पुढे सुटून जाणारा भाग, नळीतच अडकलेली असू शकते, आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळली तर नळी फुगते किंवा फाटते. तिथेच थांबा, हत्यार रिकामं करा, मागच्या बाजूनं नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. एकाच खोक्यातून दोन गोळ्या अशा निघाल्या तर सगळं खोकं संशयित समजा आणि विक्रेत्याकडे परत करा.

प्रश्न : पिस्तूल रोज रात्री भरतो, सकाळी रिकामं करतो. त्यानं गोळी खराब होते का? (एक वाचक, जीवाजीगंज)

उत्तर : होते. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. तीच गोळी रोज नळीत चढत राहिली की प्रत्येक वेळी तिचं टोक नळीकडे जाणाऱ्या छोट्या चढणीवर आपटतं आणि बुलेट केसमध्ये थोडी थोडी मागे सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. नवी गोळी शेजारी टेबलावर उभी करून उंची ताडून बघा. फरक डोळ्यांना दिसला तर ती गोळी बाद. रिव्हॉल्वरला हा त्रास नाही.

प्रश्न : घरात आग लागली तर या गोळ्या चौफेर सुटतील, अशी सौभाग्यवतीला भीती वाटते. (एक वाचक, थाटीपूर)

उत्तर : वहिनींना सांगा, सिनेमात दाखवतात तसं होत नाही. डब्यातली गोळी नळीत आवळलेली नसते. ती फुटली की हलकी केस आणि टोपीचे तुकडे उडतात, बुलेटला मात्र फारसा वेग येत नाही. तुकड्यानं डोळा जाऊ शकतो, म्हणून आगीजवळ जायचं नाही आणि अग्निशमनवाल्यांना गोळ्यांची जागा आधी सांगायची. खरी भीती भरून ठेवलेल्या बंदुकीची. तापली की ती नेहमीसारखीच सुटते. म्हणून बंदूक रिकामी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात.

प्रश्न : जुन्या गोळ्या पुतण्याच्या लग्नात हवेत उडवून संपवल्या तर? (एक वाचक, हजीरा)

उत्तर : हर्ष फायरला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत, गर्दीत, संशयित गोळ्या! नको. विक्रेत्याकडे जमा करा.

प्रश्न : निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. परत आलेल्या गोळ्या वापराव्यात का? (एक वाचक, नया बाजार)

उत्तर : मालखान्यातल्या उन्हाळ्या-पावसाळ्यावर आपला ताबा नसतो. आदेशात परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची मुभा असेल तर ती घ्या, त्यांच्याकडे साठवण सहसा बरी असते. ठाण्यातच द्यायच्या असतील तर गोळ्या मूळ खोक्यात घालून, गॅस्केटच्या डब्यात सिलिका जेलसकट द्या. पावतीवर गोळ्यांचा आकडा आणि लॉट नंबर लिहून घ्या. परत मिळाल्यावर ठाण्यातच मोजा, आकडा जुळला की सही करा. काही महिन्यांनी चांगली गोळी बिघडत नाही. मात्र खोकं ओलं लागलं किंवा टोपीभोवती हिरवं दिसलं, तर ती स्वसंरक्षणासाठी भरू नका, विक्रेत्याला दाखवा.