उत्तर: २६ जानेवारीला नाशिकच्या वायनरी? आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून धस्स झालं. दोघी मैत्रिणी, पन्नाशी उलटलेली, पुण्याहून स्वतःची गाडी आणि २६ जानेवारीची सुट्टी धरून नाशिकच्या वायनरी (वाईन बनवतात ती ठिकाणं), डिट्टो आमचाच प्लॅन हो! रस्ता, हॉटेल तुम्ही बघालच, मी एकच सांगते, २६ जानेवारी ड्राय डे असतो. वाईनचं टेस्टिंग नाही, बाटलीही विकत मिळत नाही.

आम्ही एका बुकिंगवाल्यांकडे आधीच पैसे भरले होते, फोनवर तारीख दोनदा सांगितली तरी समोरच्याने अवाक्षर काढलं नाही, आणि कळलं कधी तर थेट गेटवर. वर फोन केला तर म्हणे सुट्टीच्या दिवसाचं बुकिंग रिफंड होत नाही. तीन आठवडे मेल करत होते, एक रुपया परत आला नाही. पण पैशाचं सोडा, माझी मैत्रीण सासूबाईंचं दुखणं काढून कितीतरी वर्षांनी घराबाहेर पडली होती, गेटपाशी गप्प उभी राहिली ती, तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. तारीख माहीत असून पैसे घेतात म्हणजे काय!

परतताना रस्त्याकडेला द्राक्षाची तोडणी चालू होती म्हणून थांबलो. क्रेट भरणाऱ्या एका मावशींनी वाईनच्या द्राक्षाचा घड हातावर ठेवला. बारीक काळे मणी, जाड साल, आत बिया आणि गोड इतकी की बोटं चिकट झाली. बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांपेक्षा एकदम वेगळी चव. मैत्रीण तेव्हा कुठे हसली.

तर टेस्टिंग २५ किंवा २७ ला ठेवा आणि बुकिंग थेट वायनरीला फोन करूनच करा. सुला आणि यॉर्क या दोन्ही वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला आहेत, एका दिवसात तेवढं पुरे. आणि जी गाडी चालवणार तिने एक घोटही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, नुसती चव घेऊन थुंकलं की चालतं वगैरे मला पटत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मी काही वकील नाही, पण दिवसभरासाठी तिथलाच ड्रायव्हर घ्या, दोघींनाही मोकळेपणी बसता येईल. बाटल्या घेतल्या तर उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका, वाईन खराब होते.

२६ ला सकाळी त्र्यंबकेश्वर करा, लवकर निघा, सुट्टीची रांग मोठी असते.