शुगरची गोळी बिलात आहे, फॉर्मात नाही

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 56, पत्नी 53, सातपूरला ऑटो पार्ट्सचं दुकान. दोघांची मिळून 10 लाखांची आरोग्य विम्याची फॅमिली फ्लोटर पॉलिसी जून 2022 पासून चालू आहे. मागच्या जूनमध्ये 47,200 रुपये भरले. आता एक नवा एजंट म्हणतो, दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, म्हणजे चालू पॉलिसी तिकडे हलवा, तेवढंच कव्हर 40,500 मध्ये देतो. सोबत त्याची एक ‘हमी परतावा’ पॉलिसीही आहे: वर्षाला 1 लाख, दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी 18 लाख घ्या. सिएटलचे जावई मात्र म्हणतात, घाई नको. तिकडे सगळ्या कंपन्यांना मिळून एकच अर्ज होता, आपल्याकडेही नियामक तसं करेल, तेव्हा स्वच्छ तुलना करून बदला. प्रश्न एवढाच: जूनला पोर्ट करू, की थांबू? सोबत जुन्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेतानाच्या अर्जाची प्रत आणि महिन्याच्या घरखर्चाचा कागद जोडलाय.

विचारलेलं आधी उरकतो. 47,200 मधले 7,200 रुपये जीएसटीचे होते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. म्हणजे जुन्या कंपनीने दर वाढवला नाही, तर तिथेही तुम्हाला 40,000 च भरायचे आहेत. एजंटसाहेब जी बचत दाखवतायत ती सरकारने आधीच तुमच्या खिशात घातली आहे, वर ते 500 रुपये जास्त मागतायत. जुन्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस हातात आल्याशिवाय तुलना करायचीच नाही.

‘हमी परतावा’ पॉलिसीचं गणित एका ओळीचं आहे. 10 लाख भरून 18 लाख, आणि पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकलेले. परतावा पावणेचार टक्क्यांच्या आसपास. तुम्ही तेव्हा 76 वर्षांचे असाल. पुढे जाऊ.

आता जावईबापूंचा मुद्दा. ते थापा मारत नाहीयेत. सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्याने 2000 साली कायदा करून वैयक्तिक आरोग्य विम्यासाठी एकच प्रमाणित प्रश्नावली आणली. कंपनी कुठलीही असो, प्रश्न तेच. पण पुढचं त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. त्या उत्तरांना गुण दिले जायचे आणि सर्वात खर्चिक ठरतील अशा साधारण 8 टक्के अर्जदारांना कंपनी नाकारू शकत होती. मग त्यांनी अशा नाकारलेल्यांसाठीच्या राज्याच्या वेगळ्या पूलमध्ये जास्त प्रीमियम भरून विमा घ्यायचा. 2014 पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने आजार पाहून विमा नाकारणंच बंद केलं, तेव्हा त्या प्रश्नावलीचं काम संपलं. थोडक्यात, अर्ज एकसारखा होता तेव्हाही शुगरवाल्याला शुगर लिहावीच लागत होती.

आपल्याकडे बरंच काही एकसारखं झालंय. 2013 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने क्लेमचे आणि कॅशलेसचे फॉर्म, तसंच महत्त्वाच्या संज्ञांच्या व्याख्या ठरवून दिल्या. 2019 मध्ये वगळलेल्या गोष्टींची भाषा एक केली. 2020 मध्ये ‘आरोग्य संजीवनी’ ही सगळ्या कंपन्यांत सारखीच असणारी पॉलिसी आली. प्रपोजल फॉर्म मात्र कंपनीगणिक निराळा. कुणी ‘गेल्या चार वर्षांत’ विचारतो, कुणी ‘आजवर कधीही’. हे बदलायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण तुमच्या फॉर्मात जे झालंय ते प्रश्न अवघड होते म्हणून झालेलं नाही.

कारण मी तुमचे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. घरखर्चात नववी ओळ: ‘औषधं, माझी शुगर-बीपी, हिची थायरॉइड: 2,200’. पत्रातही सहज लिहून गेलात, ‘शुगर आठ वर्षं आहे पण एकदम कंट्रोलमध्ये’. आणि 2022 च्या फॉर्मात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, सध्या चालू असलेली औषधं, सगळ्यापुढे ‘नाही’. दोघांच्याही नावापुढे. खाली फॉर्म कुणी भरला याचा पत्ता नाही. तुम्हीच सांगताय: ‘एजंटनेच मोबाईलवर भरलं, मी दुकानात होतो, फक्त ओटीपी सांगितला.’

तो ओटीपी ही तुमची सही आहे. एजंटने कमिशन घेतलं आणि त्याच्यापुरता विषय संपला. ‘कंट्रोलमध्ये आहे म्हणजे लिहायची गरज नाही’ हे वाक्य गेल्या वीस वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एजंटांच्या प्रशिक्षणातच शिकवतात की काय, अशी शंका येते. गोळी बंद केल्यावर जी शुगर वाढते, ती कंट्रोलमध्ये आहे. नाही असं नाही.

हे उघडकीला कसं येतं, तेही सांगतो. रात्री दोनला छातीत दुखतं म्हणून तुम्हाला दाखल केलं. तुम्ही ऑक्सिजनवर. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर वहिनींना विचारतो, शुगर-बीपी काही? वहिनी घाबरलेल्या, खरं बोलणार: ‘आठ वर्षं झाली.’ तो केसपेपरवर लिहितो, ‘नोन केस ऑफ डायबेटिस, आठ वर्षं’. तो कागद क्लेमसोबत कंपनीकडे जातो. तिथला माणूस 2022 चा फॉर्म उघडतो. झालं.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल तुमच्यासारख्यांनी जोडीने वाचावेत. 2009 च्या प्रकरणात मेडिक्लेम घेताना जुना मधुमेह आणि किडनीचा त्रास सांगितलेला नव्हता. ही माहिती महत्त्वाचीच होती आणि कंपनीने क्लेम नाकारला ते बरोबर, असं कोर्ट म्हणालं. डिसेंबर 2021 च्या प्रकरणातले गृहस्थ लग्नासाठी अमेरिकेला निघाले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट पडले. कोलेस्टेरॉलची गोळी लिहिली नव्हती म्हणून कंपनीने हात वर केले. पण यांनी फॉर्मात मधुमेह लिहिलेला होता. मधुमेह माहीत असून तुम्ही पॉलिसी दिली, आता त्यावरून मागे फिरता येणार नाही, असं कोर्टाने कंपनीला ठणकावलं.

आता खरी चुटपुट लावणारी गोष्ट. 2022 ला शुगर लिहिली असती तर जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ, तेव्हा जास्तीत जास्त चार वर्षं होती. एप्रिल 2024 पासून ती तीन वर्षांवर आणली आहे. कसंही मोजा, येत्या जूनला तुमची प्रतीक्षा संपलेली असती. लोडिंग, म्हणजे आजारापोटी लावलेला जादा प्रीमियम, समजा 20 टक्के लागलं असतं, तर वर्षाला 8,000, चार वर्षांत 32,000. एवढ्या पैशात एका अँजिओप्लास्टीचं बिल निम्मंसुद्धा भागत नाही.

तुमचा एजंट, जुना किंवा नवा, यावर एक पळवाट सुचवेलच: पाच वर्षं पूर्ण होऊ द्या, मग कुणी विचारत नाही. नियम अर्धा तसा आहे. सलग 60 महिने झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र नाकारू शकते. तुमचे 60 महिने जून 2027 ला भरतात. म्हणजे अजून चौदा महिने, छप्पन्नाव्या वर्षी, शुगर आणि बीपी घेऊन, काही होऊ नये म्हणून काळारामाला साकडं घालत बसायचं. त्यात तुम्ही पोर्ट केलंत तर नवा फॉर्म भरावा लागेल. जुने महिने पुढे धरले जातात, पण त्या फॉर्मात पुन्हा ‘नाही’ लिहिलंत तर ती ओटीपी देताना झालेली चूक राहत नाही. हे पत्र तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंय. शुगर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

माझं मत: पोर्ट करायचा प्रयत्न करा, पण 40,500 साठी नाही. खरा फॉर्म भरण्यासाठी. जुनी पॉलिसी चालू असतानाच दोन-तीन कंपन्यांकडे अर्ज करा. नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी अर्ज लागतो, म्हणजे याच आठवड्यात. शुगर, बीपी, थायरॉइड, प्रत्येक गोळीचं नाव आणि डोस, शेवटचा एचबीएवनसी (सरासरी शुगरचा) रिपोर्ट, सगळं द्या. फॉर्म स्वतः भरा, एजंट समोर बसलेला चालेल, मोबाईल त्याच्या हातात नको. प्रीमियम 50,000 च्या वर गेला तरी चालेल, आणि शुगर-बीपीसाठी तीन वर्षांची नवी प्रतीक्षा लावली तर तीही मान्य करा.

सगळ्यांनी नकार दिला तर जुन्या कंपनीला नूतनीकरणाआधी लेखी कळवा. ती लोडिंग लावेल, प्रतीक्षा घालेल किंवा पॉलिसी रद्दही करेल. हा धोका खरा आहे, म्हणूनच आधी बाहेर विचारा म्हणतोय. पण बिलाच्या वेळी रद्द झालेल्या पॉलिसीपेक्षा जूनमध्ये रद्द झालेली परवडली. निदान तेव्हा तुम्ही आयसीयूत नसाल.

मधल्या तीन वर्षांसाठी ‘हमी परतावा’वाल्याला द्यायचा लाख दरवर्षी वेगळ्या एफडीत टाका. तुमच्या 9 लाखांच्या ठेवींतले 3 लाख आजच त्यात धरा. म्हणजे पहिल्याच वर्षी 4 लाख हाताशी, तिसऱ्या वर्षी 6. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ठराविक उपचार, यादीतलीच रुग्णालयं, पण हृदयाचं बरंच काही त्यात बसतं. नाशिकमधली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आताच पाहून ठेवा आणि रेशनकार्ड कुठल्या कपाटात आहे ते वहिनींना माहीत असू द्या.

जावईबापूंना माझा नमस्कार कळवा. आणि हो, त्या जुन्या फॉर्मात वजन 68 किलो लिहिलंय. शेजारीच तुमचा फोटो चिकटवलाय. नव्या फॉर्माआधी काट्यावर उभे राहा.