सबबीचा दोर

प्रश्न असा आहे: "'कारणं देऊ नकोस' हे मराठी बरोबर आहे का? आणि कारण, सबब, निमित्त, बहाणा यांत नेमका फरक काय?"

व्याकरणाने बरोबर आहे, पण कानावर पडलं की माझं डोकं उठतं. मालिकेतली सासू तेच म्हणते, क्लासचे सर तेच म्हणतात. अहो, कारण तर हवंच असतं! कामावरून नोटीस येते तीसुद्धा 'कारणे दाखवा' अशी. जे ऐकायचं नसतं त्याला सबब म्हणतात. इतका नेमका शब्द हाताशी असताना कारणासारख्या सरळमार्गी शब्दाला बदनाम करायचं काय कारण?

कारण सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. सबब घ्या. शब्द अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. अरबीत सबब म्हणजे मुळात दोर. कुराणात (२२:१५) आकाशाकडे दोर ताणण्याचा उल्लेख येतो, तिथे हाच शब्द आहे. दोराच्या आधाराने कुठेतरी पोचता येतं, म्हणून सबब म्हणजे साधन. आणि साधनावरून पुढे कारण. 'सामान-असबाबा'तला असबाब हे तिचंच अनेकवचन, म्हणजे साधनं आणि मग चीजवस्तू. गझल लिहिणाऱ्यांना आणखी एक सांगतो. अरबी छंदशास्त्रात दोन अक्षरांच्या तुकड्याला सबब म्हणतात आणि तीन अक्षरांच्या तुकड्याला वतद, म्हणजे तंबूची खुंटी. शेराला अरबीत बैत म्हणतात, आणि बैत म्हणजे घर, तंबूसुद्धा. अख्खा शेर दोर-खुंट्यांवर उभा!

उर्दूत सबब अजून पुल्लिंगी आहे आणि साधं कारणच आहे. मराठीत ती स्त्रीलिंगी झाली आणि बोलण्यात तिच्यावर संशय चिकटला. माझं मत विचाराल तर इथे जुना दोरच पुन्हा वर आला: खड्ड्यात पडलेला माणूस बाहेर यायला जे धरतो ती सबब. सरकारी कागदावर मात्र 'सबब, खालीलप्रमाणे आदेश' असा निर्मळ अर्थ टिकून आहे. भाषाशुद्धीवाले म्हणतात, सबब म्हणजे कारणच, मग परका शब्द कशाला? त्यांनी 'आजारपणामुळे रजा घेतली' आणि 'आजारपणाच्या सबबीवर रजा घेतली' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहावीत. दुसऱ्या वाक्यातला माणूस कुठल्यातरी लग्नात जेवतोय, हे त्यांना ऐकू येत नसेल तर कोशाचा तरी काय उपयोग?

गंमत पुढेच आहे. ही सबब प्रथमपुरुषात सहसा चालत नाही. मला उशीर झाला तर लोकल लेट होती हे कारण. तुम्हाला झाला तर तीच लोकल, तीच वेळ, पण सबब. 'नाचता येईना अंगण वाकडे' हे नाचणाऱ्याने स्वतःबद्दल म्हटलेलं कधी ऐकलंय? जोन्स आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली हेच मांडलं: माणूस स्वतःच्या वागण्याचा उलगडा परिस्थितीवरून करतो, दुसऱ्याच्या वागण्याचा स्वभावावरून. पाठ्यपुस्तकं ते अजून सरसकट नियम म्हणून शिकवतात, ते मला खटकतं. बर्ट्रम मॅले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी फरक जवळजवळ शून्य निघाला. तो टिकला वाईट घटनांपुरता. चांगल्या घटनांत तर उलटा झाला. मराठीला हे आधीच कळलं होतं म्हणा ना. पहिला नंबर आल्याची सबब कोणी सांगतं का? सबब लागते ती चुकीलाच.

हां, निमित्त आणि बहाणा राहिलेच. निमित्त खरं असतं पण अपुरं: भांडण मनात आधीच तयार असतं, दुधाची पिशवी फुटणं हे निमित्त. बहाणा रचलेला, खोटाच. सबब मात्र खरीही असू शकते. ऐकणाऱ्याला ती पटलेली नसते, इतकंच. तेव्हा 'सबबी सांगू नकोस' म्हणा. आणि सबबी सांगतात. 'देतात' हे इंग्रजीचं उष्टं आहे.